बूड, कूस, कोपरा

परवा सुनेनं ऑनलाइन मागवलेले दोन काचेचे वाडगे आले. खोका एवढा मोठा, की त्यात मी मांडी घालून बसले असते आणि वर उशीलाही जागा उरली असती. आत हवा भरलेल्या चार पिशव्या, आणि त्यांच्यामधे ते दोन वाडगे खो-खो खेळत आलेले. एक वाटेतच बाद. मी त्या पार्सलवाल्याला दारातच धरलं. म्हटलं, "बाबा रे, हे बांधलं कुणी? त्याच्या घरी काचेचं काहीच नाही का?" तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "आंटी, ओटीपी बोला." सून म्हणाली, "आई, टेन्शन कशाला घेता, रिटर्न टाकते ना मी." रिटर्न टाकते! म्हणजे फुटलेलं परत पाठवायचं, तेही त्याच खोक्यात घालून. माझं डोकंच फिरलं. सगळा जन्म मी एका निर्यात कंपनीच्या पॅकिंग खात्यात काढला, आणि त्याच्याआधी आप्पांच्या हाताखाली. तिथे तर रिटर्न हा शब्द तोंडातून काढला असता तर जेवायला मिळालं नसतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावच्या पलीकडचे. आप्पा तरुणपणी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका काचेच्या कारखान्यात लागले आणि तिथेच पॅकिंग खात्याचे मुकादम झाले. कारखान्यात प्रयोगशाळांसाठी नळ्या, चंबू, मोजायची भांडी असलं नाजूक सामान बनायचं, आणि ते देशभर धडधाकट पोचवायचं काम आप्पांचं. शाळा चौथीपर्यंत, पण कुठलीही वस्तू हातात घेतली की ती कुठून फुटणार हे त्यांना आधी कळायचं. माणसांचंही तसंच. माझ्या मावसबहिणीला बघायला आलेल्या नवऱ्या मुलाला त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत येऊन आईला म्हणाले, "ह्यो मानंपाशी कच्चा हाय. जपून न्यावा लागंल." लग्न झालं. जपूनच न्यावा लागला बिचारीला.

कोपरखैरण्यात पहिल्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मागच्या खिडकीतून बोनकोडे गावातली कौलं दिसायची आणि वारा फिरला की खाडीचा वास थेट स्वयंपाकघरात. त्या घरात उघडं म्हणून काही नव्हतं. टीव्हीला कव्हर, कव्हरवर प्लास्टिक, प्लास्टिकवर आईनं विणलेला रुमाल. सोफ्याच्या प्लास्टिकला मे महिन्यात पाहुण्यांच्या पोटऱ्या चिकटायच्या आणि उठताना असा काही आवाज व्हायचा की बायका लाजून पुन्हा खाली बसायच्या. थंडीत पंखासुद्धा पिशवीत. माझ्या शाळेच्या डब्याला आधी वर्तमानपत्र, मग पिशवी, मग फडकं, आणि त्यावर सुतळीची गाठ. मधल्या सुट्टीत मैत्रिणी जेवून, हात धुवून, लंगडीचा एक डाव खेळून यायच्या तेव्हा मी शेवटच्या कागदापर्यंत पोचलेली असायचे. आत भाकरी आणि घेवड्याची उसळ. गरम असायची मात्र, खोटं कशाला बोलू.

रविवारी सकाळी आमच्या दारात माणसं यायची. कुणाला गावी मिक्सर पाठवायचा, कुणाला लेकीला बरण्या, कुणाचा मुलगा आखातात, त्याला फराळ. आप्पा एक कप चहा घ्यायचे, बाकी काही नाही. कारखान्यातून बाद झालेले कोरे खोके आमच्या पलंगाखाली रचलेले असायचे, सगळे एका मापाचे. आप्पा बांधायला बसले की त्यांचं प्रवचन सुरू. "कागद चुरगळायचा, पर मारायचा न्हाई. त्यात वारं ऱ्हायलं पायजे. मार वाऱ्यानं खायचा, वस्तूनं न्हाई." "पोकळ वस्तूचं प्वाट आधी भरायचं. उपाशीपोटी कोन परवासाला निगतं व्हय?" "कान, नाक, मूठ, जे भाईर आलंया त्येला आधी गुंडाळायचं. फुडं फुडं करनारंच आधी फुटतं." हे शेवटचं माझ्याकडे बघून. चारही बाजूंनी चार बोटं कागद, मग खोका, मग खोक्यावर मांजरपाटाचं कापड, आणि ते दाभणानं घट्ट शिवायचं. चिकटपट्टीचा त्यांना मनापासून राग. "आळशाचा दोरा," म्हणायचे. दाभण कापडातून जाताना खर्र खर्र आवाज यायचा, शेवटी शिवणीवर लाख वितळवली की घरभर तिचा वास, आणि आई खोकत खोकत खिडक्या उघडायची.

एवढ्यावर थांबले असते तर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं. पण कारखान्यात नियम होता, की बांधलेली पेटी छातीच्या उंचीवरून तीनदा खाली सोडायची. एकदा बुडावर, एकदा कुशीवर, एकदा कोपऱ्यावर. मग कानाशी धरून हलवायची. वाजली तर फुटली, मुकी राहिली तर पोचली. हाच नियम आप्पांनी घरी लावला. जिन्याच्या मधल्या चौकात उभे राहायचे, पार्सलाचा मालक समोर, आणि मोठ्यानं म्हणायचे, "बूड!" धप्प. "कूस!" धप्प. "कोपरा!" तोवर मालकानं डोळे मिटलेले असायचे. बोनकोड्याची मथुराबाय मासळीची पाटी घेऊन जिना चढायची, ती पहिल्यांदा हे बघून भिंतीलाच टेकली. "काय गो बाय, कोनाचा जीव घेतंय तुझा बापूस?" मला विचारते. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं भिंतीवरचं घड्याळ कोपऱ्यावर वाजलं. काका रडकुंडीला आले. आप्पा शांत. "हितं फुटलं म्हनून तितं फुटलं न्हाई," म्हणाले. काकांना त्यातलं समाधान काही केल्या सापडेना. पुढे वर्षभर ते आप्पांशी बोलले नाहीत.

समोरच्या दारात हमिदाखाला राहायची. श्रीवर्धनकडची माणसं ती. यजमान उरणला कामाला, रविवारपुरते घरी. खाला अंगानं ठेंगणी, आवाजानं मोठी, हातानं सढळ. शुक्रवारी तिच्याकडून सांदणं यायची, मऊ, खोबऱ्याच्या वासाची, आणि आमच्याकडून सणाला पुरणपोळी जायची. या खालाच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर एक सुरई होती. निळसर काचेची, लांब मानेची, पोटावर सोनेरी वेल, आणि मूठ इतकी बारीक की बघतानाच भीती वाटावी. खालाचे आजोबा बोटीवर कामाला होते, त्यांनी कुठल्याशा बंदरातून आणलेली. त्यांच्या घरात निकाह झाला की नवरीला सरबताचा पहिला घोट त्या सुरईतून द्यायचा, असा रिवाज. खालाला मिळाला होता, तिच्या धाकट्या बहिणीला, जुबेदाला, मिळाला होता.

आणि त्याच सुरईवरून दोघी बहिणींचं फाटलं होतं. आई गेली तेव्हा शेवटची दोन वर्षं तिचं सगळं खालानं केलेलं, म्हणून सुरई खालानं ठेवली. जुबेदा म्हणे, अम्मानं ती मला कबूल केली होती. शब्दाला शब्द लागला. जुबेदा नवऱ्यापाठी बहारीनला गेली ती न बोलताच गेली. अकरा वर्षं झाली. ईदेला पत्र यायचं ते जुबेदाच्या नवऱ्याचं, खालाच्या नवऱ्याला. त्यात सगळ्यांना सलाम असायचा, खालाला सोडून. खाला ते पत्र माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची, कुठे चुकून नाव आलंय का म्हणून. आणि मग एका पत्रात आलं, की जुबेदाच्या मुलीचा निकाह ठरला, दोन महिन्यांनी, तिकडेच. दोन दिवस खालाचं दार बंदच. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आली, आईसमोर पाटावर बसली आणि म्हणाली, "सुरई पाठवते मी. पोरीला त्यातूनच सरबत मिळू दे." बोलली आणि पदरात तोंड घालून रडली. मग लगेच पदर काढून म्हणाली, "पण फुटून पोचली ना गो, तर जुबेदा म्हणेल, मुद्दाम फोडून पाठवली. मग ह्या जन्मी नाय बोलायची ती माझ्याशी."

आता पंचाईत अशी, की आप्पांचा उजवा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता. पंख्याला पिशवी घालायला स्टुलावर चढले होते. पडले. कुठल्या बाजूवर, हे आईनं सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. "कुशीवर," म्हणायची, आणि हसू दाबत आत जायची. तेव्हा सुरई बांधायची माझ्यावर आली. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात, आणि जिभेला हाड नसलेली. आप्पांचं प्रवचन लहानपणापासून पाठ असल्यामुळे मला वाटायचं, यात काय मोठंसं. शनिवारी दुपारी खाला सुरई दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन आली, चार पावलांचा चौक ओलांडायला तिला पाच मिनिटं लागली. आप्पांनी डाव्या हातानं सुरई उचलून वजन घेतलं, उजेडात धरली आणि म्हणाले, "मूठ."

मी मुठीला आधी मऊ फडक्याची पट्टी गुंडाळली, मग मानेला. पोटात चुरगळलेला कागद भरला. "मारू नगंस कागद!" "नाही मारत, आप्पा." "मारलास की! त्यो बग, मेला." "तुम्ही चहा घ्या ना आप्पा." लहान खोक्यात सुरई, तो खोका मोठ्या खोक्यात, मधे चार बोटं कागद. तीन तास लागले. खाला सगळा वेळ काहीतरी पुटपुटत होती, आणि आई प्रत्येक पंधरा मिनिटांनी चहा आणत होती, कारण तिलाही बघायचं होतं. कापड शिवून झालं. आप्पा म्हणाले, "झ्याक. उद्या नऊ वाजता पाडू."

खालाचा चेहरा पांढरा पडला. घरी जाताना तिनं मला चौकात गाठलं आणि माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. "शालन, पाडायची नाय. तुझ्या बापाला सांग. दुसरी नाय मिळायची मना." मी म्हटलं, "नाही पाडणार खाला, शब्द." आत आले. आप्पांना म्हटलं, "आप्पा, ही एवढी न पाडता नाही का जाणार?" आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी आईला विकायला काढलंय. "न पाडलेली पेटी माज्या घरातनं जायाची न्हाई. मग तुज्या खालेनं दुसरा कोन बगावा." मी म्हटलं, "बरं आप्पा, पाडू." झालं. दोघांना दोन शब्द देऊन बसले. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

मग मला ती अक्कल सुचली. आजही आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. आप्पा संध्याकाळी पाय मोकळे करायला खाली गेले, आई पोळ्या लाटत होती, आणि मी पलंगाखालून तसेच दोन खोके काढले. आत घालायला काचेचंच हवं, नाहीतर आप्पांचा कान फसायचा नाही. वजनही तेवढंच हवं. आईनं घातलेल्या लिंबाच्या लोणच्याच्या सात बरण्या फळीवर होत्या. त्यातली सगळ्यात लहान उचलली. ती मी अर्ध्या तासात बांधली, कुणी डोक्यावर बसून बोलत नव्हतं म्हणून भराभर झालं. त्याच ठाणातलं मांजरपाट, तोच दोरा, तीच टाक्यांची रांग. शेजारी शेजारी ठेवल्या तर मलाच ओळखू येईनात, म्हणून सुरईची पेटी लगेच पलंगाखाली मागे सारली. बेत सरळ होता. नऊ वाजता आप्पा लोणचं पाडतील, खुश होतील, आंघोळीला जातील. खालाला मी दहा वाजता बोलावलं होतं. तेवढ्यात अदलाबदल.

रविवारी नऊला आप्पा चौकात उभे राहिले. एका हातानं पेटी पाडायची म्हणून अजूनच तोऱ्यात. वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याला, मथुराबाय पायरीवर पाटी टेकून. "बूड!" धप्प. "कूस!" आणि नेमकं खालाचं दार उघडलं. तिला रात्रभर झोप नव्हती, म्हणून बाई एक तास आधीच तयार. तिनं पेटी हवेत बघितली आणि "या अल्ला!" म्हणून जी ओरडली, ती खालच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही ऐकली. मटकन पायरीवर बसली. माझ्याकडे बघितलं. ती नजर मी कधी विसरणार नाही. आप्पांना त्याचं काही नाही. "कोपरा!" धप्प. मग पेटी उचलली, आपल्या कानाशी हलवली, डोळे मिटले, आणि खाली वाकून ती खालाच्या कानाशी धरली. "ऐक बहिनी. ऐकू येतंय काय?" खालानं श्वास रोखून ऐकलं. काही नाही. पुन्हा ऐकलं. आणि मग ती हसायलाच लागली, रडत रडत. "भाईसाब, तुमच्या हातात बरकत आहे." आप्पा म्हणाले, "माज्या न्हाई. पोरीनं बांदलंय." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, तीही लोणच्यासाठी.

तेव्हाच बोलायला हवं होतं. आता साठीला टेकल्यावर कळतं, की दोन मिनिटांची शरम होती, संपली असती. पण सगळी बिल्डिंग बघत होती, आप्पांची छाती फुगलेली, आणि मी तोंडात मूग धरून उभी. आप्पा म्हणाले, "घे, पत्ता ल्ही. मोठ्या अक्षरात." जुबेदाचं नाव, बहारीनचा पत्ता, मी माझ्या हातानं लोणच्यावर लिहिला. खाली, "काचेची सुरई, नग एक." आप्पांनी लाख लावून घेतली. मी एकदा म्हटलं, "मी जाते घेऊन." "छ्या! पाडलेली पेटी माज्या नजरंसमोर जायाची." खाला आणि आप्पा रिक्षात बसून वाशीला, बोटीनं सामान पाठवणाऱ्या एजंटाकडे गेले, पेटी दोघांच्या मधे. खालानं त्या पेटीवर हात ठेवला होता.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सुरई माझ्या पलंगाखाली आणि मी तिच्यावर. खाला रोज संध्याकाळी येऊन बोटांवर दिवस मोजायची, आज बोट कुठे असेल, उद्या कुठे. माझ्यासाठी खास सांदणं करून आणायची आणि मी ती आप्पांच्या ताटात सरकवायचे. तीनदा सांगायला गेले. एकदा तिनं मला मिठीच मारली, एकदा तिचे यजमान होते, एकदा मी चौकातूनच परत आले. इकडे आईनं बरण्या मोजल्या. "एक कमी हाय." तिचा संशय आप्पांवर, कारखान्यातल्या दोस्तांना नेऊन दिली म्हणून. "मी? एका हातानं?" आप्पा चिडले. दोन दिवस त्या बरणीवरून घरात धुसफूस, आणि मी गप्प. आई म्हणाली, "हिला बरं न्हाई का? एवढी गप तर ही तापातबी नसती."

मग एका दुपारी खालच्या दुकानाचे शेठ जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडले, "हमिदाबी, बहारीनचा फोन!" बिल्डिंगला तेवढा एकच फोन. खाला अनवाणी धावली. तिच्यामागे आई, आईमागे आप्पा, आणि शेवटी मी. खालानं दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. "जुबेदा?" एवढंच म्हणाली. पलीकडून जो आवाज फुटला तो आम्हाला पावाच्या फळीपाशी स्पष्ट ऐकू आला. सलाम नाही, दुवा नाही. "अकरा वर्सांनी माझी थट्टा करतंस? लोणचं पाठवतंस मना?"

"लोणचं?" खाला म्हणाली. "कसलं लोणचं? मी सुरई पाठवली!"

"सुरई लिहिलंस नि लोणचं घातलंस! माझ्या सासरच्या माणसांसमोर उघडलं मी! चाळीस मिनिटं लागली उघडायला!"

आई पुढे झाली. "लिंबाचं का इचारा."

"लिंबाचं का गो?" खालानं भाबडेपणानं विचारलं. पलीकडे एक किंचाळी. खाला आईला म्हणाली, "लिंबाचंच."

"माजी बरनी!" आई म्हणाली. आणि मग सगळ्यांनी हळूहळू माझ्याकडे बघितलं. शेठनीसुद्धा.

मी म्हटलं, "सुरई माझ्या पलंगाखाली आहे." माझा आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं. "मी दुसरी पेटी केली होती. पाडायला. मग तीच गेली." खालाचं तोंड उघडंच राहिलं. आप्पांनी भिंतीला हात टेकला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण आप्पा खालाच्या कोपराला धक्का देत म्हणाले, "बरनी फुटली का इचारा. इचारा की! तेल गळलं का?"

ते कोण ऐकतंय. खाला पेटली होती. सुरई घरातच आहे हे जुबेदाला सांगता सांगता तिचा आवाज चढला, आणि मग अकरा वर्षांचं सगळं बाहेर आलं. अम्मा आजारी असताना तू कुठे होतीस. मना कोणी कळवलं होतं, पलीकडून. पत्रात माझं नाव घालायला तुझ्या शाईला काय झालं होतं. तुझ्या हातचं एक पत्र तरी आलं का मना, पुन्हा पलीकडून. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, आणि तरी दोघींना एकमेकींचं सगळं ऐकू येत होतं. शेठ एकदा घड्याळाकडे बघून काही म्हणायला गेले, आईनं त्यांना हातानंच गप्प केलं. मग एकाएकी खाला थांबली. पलीकडेही काही नाही. खाला हळू म्हणाली, "रडू नको गो. जुबी, रडू नको." आणि स्वतः त्या पावाच्या फळीला धरून हमसून हमसून रडायला लागली. मीही रडले. आईही. आप्पा तेवढे रडले नाहीत, ते रिसीव्हरकडे कान लावून उभे होते.

शेवटी खालानं नाक पुसत विचारलं, "बरणी फुटली होती का गो?" ऐकलं, आणि आप्पांकडे वळून म्हणाली, "तडासुद्धा नाय, म्हणते." आप्पांनी डोळे मिटले. खाला पुढे ऐकत होती. "आणि म्हणते, लोणच्यात मीठ जास्त आहे." आईनं रडणं तिथल्या तिथे थांबवलं. "तिला म्हनावं, परत पाठव."

जुबेदा म्हणाली, पुन्हा पार्सल करू नका, मी येते न्यायला. खालानं फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात उचलला. मी डोळे मिटले. तिनं माझा कान धरला, चांगला पिळला, आणि मग त्याच हातानं माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. "सुरई गेली असती," ती माझ्या कानात म्हणाली, "तर दोन ओळींचं पत्र आलं असतं नुसतं." आप्पा मात्र माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जेवताना, ताटाकडे बघत म्हणाले, "बरनी तू एकटीनं बांदलीस?" "हो." "म्या काय सांगत नसताना?" "हो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तीन येळा पाडली मी ती. मग जहाजावर पाडली आसंल. तडा न्हाई." आणि डाव्या हातानं माझ्या ताटात ठेचा वाढला. पुढच्या रविवारपासून दारात आलेलं पहिलं पार्सल ते माझ्याकडे सरकवायला लागले.

जुबेदा पंधरा दिवसांनी आली. खाला सकाळपासून खाली फाटकाशी उभी, नवीन साडी नेसून. टॅक्सीतून खालापेक्षाही ठेंगणी बाई उतरली. दोघींनी एकमेकींना बघितलं. जुबेदा म्हणाली, "जाडी झालीस गो." खाला म्हणाली, "नि तू काळी पडलीस." मग त्यांना एकमेकींपासून सोडवायला टॅक्सीवाल्याला हॉर्न वाजवावा लागला. दुपारी आमच्याच घरी पेटी उघडली. जुबेदानं एकेक टाका उसवला, एकेक कागद काढला, आणि सुरई हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. "लहान आहे गो," ती म्हणाली. "मना वाटायचं, केवढी मोठी आहे." खाला तिचा हात धरून बसली. आठ दिवस समोरच्या घरातून दोघींच्या हसण्याचा आणि भांडण्याचा आवाज येत होता.

जायच्या दिवशी आप्पा कापड, दोरा, खोका सगळं घेऊन तयार. हात नुकताच प्लास्टरमधून निघालेला, वाळका, पण दाभण त्यात. जुबेदानं मान हलवली. "नाय भाईसाब. मी अशीच नेते." आणि सुरई दुपट्ट्यात नुसती गुंडाळून, मांडीवर घेऊन टॅक्सीत बसली. दोन्ही हात तिच्याभोवती. मूठ बाहेर डोकावत होती. शेजारी खाला बसली विमानतळापर्यंत, तिचाही एक हात सुरईवर. मी आप्पांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम. ना कागद, ना खोका, ना चार बोटं जागा. "मूठ उघडी हाय," ते पुटपुटले. टॅक्सी हलली, खड्ड्यात गेली, दोघी बहिणी एकदम पुढे वाकल्या आणि सुरई त्यांच्या मधे झाकून गेली. आप्पा टॅक्सी वळेपर्यंत बघत राहिले. मग दाभण खिशात घातलं.

"पोचंल," ते म्हणाले.